कापड रंगवायला शेण कशाला? आणि रंगाऱ्यांनी सोडलं तरी शेताला ते का सुटत नाही?

२०२४ मध्ये कच्छच्या अजरखला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचा अधिकृत शिक्का, मिळाला तेव्हा त्या गडद निळ्या-लाल छापील कापडाच्या बातम्या आल्या, त्याबरोबर ते बनतं कसं याचे व्हिडिओपण आले. त्यात एक सीन हमखास असतो, पांढरं सुती कापड कसल्यातरी मळकट हिरवट पाण्यात बुडवून तुडवताहेत, आणि खाली लिहिलेलं असतं की यात उंटाच्या लेंड्या आहेत. बघणाऱ्याचं तोंड वाकडं होतं ते होतंच, पण खरा प्रश्न पुढचा आहे. जे कापड स्वच्छ करून रंगवायचंय ते आधी घाणीत का बुडवायचं?

काही जण म्हणतात परंपरा आहे, काही म्हणतात शेणात दैवी गुण असतात, काही म्हणतात अडाणीपणा. मला तिन्ही उत्तरं आळशी वाटतात. कारण कच्छच काय, १८व्या-१९व्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मोठमोठ्या कापड छपाईच्या कारखान्यांतसुद्धा गरम शेणाच्या पाण्याच्या टाक्या असायच्या, आणि ते लोक काही भक्तिभावाने शेण वापरत नव्हते, त्यांना नफा हवा होता. म्हणजे शेण तिथे काहीतरी काम करत होतं. ते काम काय, आणि त्याच शेणाचं शेतातलं काम काय, हे जरा उलगडून बघू.

आधी शेणात असतं काय

मराठीत एक मजा आहे, आपल्याकडे प्रत्येक जनावराच्या या मालाला वेगळा शब्द आहे. गाय-म्हशीचं शेण, शेळी-मेंढीच्या लेंड्या, घोड्या-गाढवाची लीद, पक्ष्यांची विष्ठा. उगाच नाही, कारण आतला मालही वेगळा असतो. पण या लेखात सोयीसाठी मी बऱ्याच ठिकाणी सरसकट शेणच म्हणणार आहे.

गाईच्या ताज्या शेणात साधारण ८० टक्के पाणीच असतं. उरलेल्यात न पचलेला चोथा, पोटातले अगणित जिवाणू (जिवंत आणि मेलेले), चिकट बुळबुळीत पदार्थ, थोडी एन्झाइम्स आणि क्षार. एन्झाइम म्हणजे सजीवांनी बनवलेली कात्री समजा, मोठे रेणू कापून लहान करणारी. क्षारांमध्ये आपल्या कामाचं आहे फॉस्फेट, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेतलं स्फुरद. गंमत अशी की गाय जे स्फुरद खाते त्यातलं बाहेर पडणारं जवळपास सगळं शेणातून पडतं, आणि पालाश (पोटॅशियम) मात्र बहुतेक मूत्रातून जातं. नत्र, म्हणजे नायट्रोजन, दोन्हीकडे वाटलं जातं. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

रंग कापडाला चिकटतो कसा

सुती कापड आणि झाडपाल्याचे बरेचसे रंग यांचं आपसात फारसं जमत नाही. मंजिष्ठाच्या मुळ्या उकळून त्या लाल पाण्यात पांढरं कापड टाकलं तर थोडा गुलाबी डाग पडतो आणि धुतला की जातो. म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो, त्याला रंगबंधक म्हणतात. तुरटी हा सगळ्यात ओळखीचा. तुरटीतला ॲल्युमिनियम एका हाताने कापडाला धरतो आणि दुसऱ्या हाताने रंगाला.

आता यातली खरी हुशारी. रंग छापायचाच नाही, फक्त रंगबंधक छापायचा. शाळेत कागदावर डिंकाने चित्र काढून वर चमकी टाकायचो ना, चमकी झटकली की डिंक होता तिथेच राहायची, तसंच. छापा मारायचा तुरटीचा किंवा लोखंडाच्या क्षाराचा, आणि मग अख्खं कापड मंजिष्ठाच्या पाण्यात उकळायचं. जिथे तुरटी तिथे लाल, जिथे लोखंड तिथे काळा किंवा पातळ असेल तर जांभळा, दोन्ही मिसळले असतील तर चॉकलेटी. एकाच पातेल्यातून एकाच वेळी तीन-चार रंग! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खरंच विश्वास बसला नव्हता.

भारतात कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर हे शतकानुशतकं करत होते, तिथे मंजिष्ठाऐवजी चाय नावाच्या (चहा नव्हे) झुडपाचं मूळ असायचं. युरोपात या कापडाने एवढा धुमाकूळ घातला की फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यावर बंदी घातली आणि इंग्लंडनेही १७०१ आणि १७२१ मध्ये कायदे केले. बंदी असतानाच कृती शोधून काढायचे प्रयत्न चालू होते. गास्तों-लॉरां केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७४२ मध्ये इथून पत्र लिहून रंगाऱ्यांची सगळी पद्धत पायरी-पायरीने फ्रान्सला कळवली, हिरडा, म्हशीचं दूध, तुरटी, आणि हो, लेंड्या कालवलेल्या पाण्यात कापड भिजत ठेवून मग उन्हात पसरणंही. औद्योगिक हेरगिरीच ती, फक्त झगा घालून केलेली.

मग शेण नेमकं कुठे घुसतं

डिंकाच्या चित्राकडेच परत येऊ. समजा तुम्ही डिंक जरा जास्त ओतला. कागद पाण्यात बुडवला तर जादाचा डिंक सुटून आजूबाजूला पसरणार आणि मग चमकी सगळीकडे चिकटणार, चित्राची वाट लागणार.

कापडाचं अगदी हेच व्हायचं. छापा मारताना रंगबंधक पसरू नये म्हणून त्यात डिंक किंवा खळ घालून तो घट्ट करतात. छापल्यावर कापड काही दिवस दमट उबदार हवेत लटकवून ठेवायचं, रंगबंधकाचा मोठा भाग धाग्यात मुरतो. पण सगळा नाही मुरत. थोडा वरवर सुटा राहतो, आणि तो डिंकही अजून तिथेच असतो. हे कापड नुसत्या पाण्यात धुतलं तर सुटा रंगबंधक विरघळून पांढऱ्या भागावर जाऊन बसतो, आणि नंतर मंजिष्ठात उकळल्यावर पांढरी जमीन गुलाबी होते. माल खराब.

इथे शेण. कापड गरम शेणाच्या पाण्यातून काढलं की एका दमात चार गोष्टी होतात. डिंक सुटतो. छाप्यातलं उरलंसुरलं आम्ल मारलं जातं. सुटा झालेला ॲल्युमिनियम किंवा लोखंड पाण्यातल्या फॉस्फेटशी आणि शेणातल्या त्या चिकट सेंद्रिय पदार्थांशी लगेच बांधला जातो, म्हणजे पांढऱ्या भागावर जाऊन बसायच्या आधीच त्याला कोणीतरी पकडून ठेवतं. आणि जो रंगबंधक छाप्याच्या जागीच आहे तोही फॉस्फेटमुळे तिथल्या तिथे पक्का होतो. इंग्लंडमधल्या छपाईवाल्यांनी या पायरीला सरळ 'डंगिंग' (डंग म्हणजे शेण) नाव दिलं होतं, आडपडदा न ठेवता.

म्हणजे शेण रंग देत नाही. शेण रंगबंधकाला शिस्त लावतं. व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा समज होतो की शेणाचा रंग कापडाला देताहेत, तसं काही नाहीये.

केर्दूच्या पत्रात आलेलं लेंड्यांचं दुसरं काम, कापड पांढरं करायचं, ते वेगळं आहे. रंगवून झाल्यावर पांढऱ्या भागावर जो फिका डाग उरतो तो रंगबंधकाने धरलेला नसतो, त्यामुळे लेंड्यांच्या पाण्यात भिजवणं, धुणं, ओलं कापड उन्हात पसरणं असं पुन्हा पुन्हा केलं की तो निघून जातो आणि धरलेला रंग टिकतो. क्लोरीनने कापड पांढरं होतं हे फ्रान्सच्या बर्थोलेने १७८५ मध्ये दाखवलं आणि ब्लीचिंग पावडरचं पेटंट १७९९ चं, त्याआधी ऊन, पाणी आणि हा असलाच माल हाच पर्याय होता.

उंट आणि मेंढी, रेसिपी तीच

अजरखमधला तो हिरवट काढा मात्र डंगिंगपेक्षा वेगळ्या जागी येतो, छापायच्या आधी. त्याला साज म्हणतात. एरंडेल तेल, खार म्हणजे सोडा, आणि उंटाच्या लेंड्या. कापड त्यात मळायचं, रात्रभर ओलं ठेवायचं, वाळवायचं, परत मळायचं, असं सात-आठ वेळा. झालं की नाही ते बघायला कारागीर कापडाचा कोपरा ओला करून चोळतो, फेस आला म्हणजे तयार. फेस येतो कारण तेल आणि खार मिळून साबणासारखं काहीतरी झालेलं असतं. कापडातली खळ आणि मेणकटपणा निघून जातो, धागा मऊ होऊन पुढचं सगळं प्यायला तयार होतो. मग हिरडा, मग छापे.

आता दुसरीकडे बघा. युरोपात १८व्या शतकात 'टर्की रेड' नावाच्या झगझगीत, न उतरणाऱ्या लाल रंगाचं सगळ्यांना वेड होतं. तो ऑटोमन साम्राज्यातल्या एडिर्ने वगैरे भागातून यायचा. १७४०च्या दशकात ग्रीक रंगारी ही कला घेऊन फ्रान्समध्ये आले, १७८५ मध्ये पापियों नावाच्या फ्रेंच रंगाऱ्याने ती ग्लासगोत नेली. प्रोसेस आठवडेच्या आठवडे चालायची आणि तिच्या सुरुवातीच्या पायऱ्यांत काय होतं? खवट ऑलिव्ह तेल, खार आणि मेंढीच्या लेंड्या.

तेल, खार, लेंड्या. एकीकडे एरंडेल आणि उंट, दुसरीकडे ऑलिव्ह आणि मेंढी. ज्याच्या दारात जे जनावर आणि जे तेल त्याने ते वापरलं. कोणी कोणाकडून शिकलं याच्या थिअऱ्या बऱ्याच आहेत, त्यात मी पडत नाही, पण एकच त्रिकूट दोन्हीकडे सापडणं हे मला कुठल्याही 'आमचे पूर्वज महान' वाल्या फॉरवर्डपेक्षा जास्त भारी वाटतं.

"पण त्यांना ही केमिस्ट्री माहीत होती का?"

फॉस्फेट, ॲल्युमिनियम असं काही माहीत नव्हतं. ॲल्युमिनियम धातू म्हणून वेगळाच १८२५ मध्ये झाला. पण शेणाशिवाय केलं तर पांढरं डागाळतं, पाणी फार गरम झालं तर बिघडतं, कापड फार वेळ ठेवलं तर रंग फिका येतो, हे सगळं त्यांना हाताने माहीत होतं. सायकल चालवायला भौतिकशास्त्र लागत नाही तसं. मात्र उलटा दावाही करू नये की त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, कारण 'का होतं' हेच माहीत नसलं की एक मोठी अडचण येते, कुठला भाग कामाचा आणि कुठला नुसताच सोबत आलेला हे वेगळं करता येत नाही, म्हणून अख्खं शेणच वापरावं लागतं.

आणि शेण रोज सारखं नसतं. जनावराने काय खाल्लं, ऋतू कुठला, ताजं की शिळं, यावर ते बदलतं. त्यातला हिरवट रंग फिकट छटांना मारतो. छोट्या कारागिराला हे नजरेने सांभाळता येतं, पण दिवसाला मैलोन्मैल कापड काढणाऱ्या कारखान्याला रोज वेगळं वागणारा कच्चा माल म्हणजे डोकेदुखीच.

शेणाला पर्याय सापडला, आणि तो विषारी निघाला

१९व्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढलं की शेणाच्या टाकीतलं बरंचसं काम फॉस्फेट करतंय. मग काय, शेण कशाला, फॉस्फेटच टाका! लँकेशायरमधल्या जॉन मर्सरने या पर्यायावर बरंच काम केलं. 'मर्सराइज्ड कॉटन' असं शर्टाच्या लेबलवर वाचलं असेल, तोच हा मर्सर. शेणाऐवजी सोडियम फॉस्फेट, नंतर सोडियम सिलिकेट, आणि मध्ये एक सोडियम आर्सेनेट.

आर्सेनेट रंगबंधकाला पकडायचं काम छान करतं, कारण रासायनिकदृष्ट्या ते फॉस्फेटचं सख्खं भावंड आहे. पण ते आर्सेनिक आहे. म्हणजे दिसायला घाण असलेलं शेण जाऊन दिसायला स्वच्छ पांढरी पावडर आली, आणि टाकीतून नदीत जाणारं पाणी आधी वास मारायचं ते आता विषारी झालं. 'नैसर्गिक चांगलं, केमिकल वाईट' किंवा त्याच्या उलटं, असली सोपी वाटणी कोणी करायला लागलं की मला ही पांढरी पावडर आठवते. त्याच यादीतलं फॉस्फेट आणि सिलिकेटही केमिकलच होती आणि त्यांनी आर्सेनिकच्या भानगडीशिवाय काम केलं.

टर्की रेडचंही तसंच झालं. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठातला लाल रेणू, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला आणि १८७०च्या दशकात एरंडेलावर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून पाण्यात मिसळणारं तेल आलं. त्याचं नावच टर्की रेड ऑइल, ते अजूनही मिळतं. खवट तेल आणि लेंड्यांच्या त्या आठवड्यांच्या पायऱ्या त्याने गुंडाळून टाकल्या.

कापडात शेणाची गोष्ट इथे संपते. ज्या भागाने काम होत होतं तो भाग वेगळा काढता आला, बाटलीत भरता आला, बास.

जाता जाता चामड्याचं

हे थोडं आडवळण आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हातमोज्यांसारखं मऊ चामडं करायचं असेल तर कातडं कुत्र्याच्या विष्ठेच्या कोमट पाण्यात ठेवायचे. कबुतराचीही चालायची. १९व्या शतकातल्या लंडनमध्ये रस्त्यावरून कुत्र्याची विष्ठा गोळा करून चामडेवाल्यांना विकणं हा पोट भरायचा धंदा होता आणि त्या मालाला म्हणायचे 'प्युअर'. शुद्ध! विनोद कुठे करायचा हे त्या लोकांना बरोबर कळत होतं.

इथे काम फॉस्फेटचं नव्हतं, एन्झाइमचं होतं. त्या कात्र्या कातड्यातली नको असलेली प्रथिनं कापतात म्हणून चामडं मऊ पडतं. जर्मनीच्या ओटो रोमने हे ओळखून जनावरांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम्स वापरून १९०८ च्या सुमारास 'ओरोपॉन' आणलं आणि कुत्र्यांमागे फिरायची गरज संपली. त्याच रोमने पुढे तीच एन्झाइम्स कपडे धुवायच्या पावडरीत घातली. आज डिटर्जंटच्या पुड्यावर एन्झाइम लिहिलेलं असतं त्या कल्पनेची एक मुळी या बादलीत आहे, आता धुणं धुताना आठवलं तर माझ्यावर रागावू नका.

आता शेतात येऊ

शेतात शेण टाकणं किती जुनं? युरोपातल्या १३ नवाश्मयुगीन ठिकाणी सापडलेल्या जळक्या धान्याचा आणि कडधान्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेणखत घातलेल्या पिकात नायट्रोजनच्या जड प्रकाराचं प्रमाण वाढतं, आणि ती खूण त्या दाण्यांत मिळाली. सगळ्यात जुनी ठिकाणं इसवी सनापूर्वी ५९०० च्या आसपासची. म्हणजे लोकांनी शेती आणि जनावरं एकत्र सांभाळायला लागल्यावर खत हे फार उशिरा सुचलेलं काही नाही.

लिखित पुरावेही भरपूर. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला खतांची चक्क क्रमवारी लावतो. पहिला नंबर पक्ष्यांचा, त्यातही कबुतर, पण बदक-हंस बाद. दुसरा माणसाचा. तिसरा जनावरांचा, त्यात गाढव सगळ्यात वर आणि डुक्कर तळाला. आपल्याकडे 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उकरून वाळवायचा आणि फाल्गुनात शेतात घालायचा असं सांगितलंय, आणि खताशिवाय धान्य नुसतं वाढतं, फळत नाही, असंही. इराणमध्ये इस्फहानभोवती तर कबुतरांसाठी मोठमोठे मनोरे बांधले होते, मुख्य उद्देश काय तर खाली साठणारं खत, कलिंगड-खरबुजाच्या मळ्यांसाठी.

कबुतर पहिलं का? कारण पक्षी मूत्र वेगळं टाकत नाहीत. गाईचं नत्र शेण आणि मूत्र यात विभागतं आणि मूत्रातलं झिरपून किंवा अमोनिया होऊन उडून जातं, पक्ष्याचं सगळं एकाच ठिकाणी, घट्ट आणि कोरडं. म्हणूनच गोठ्यात काडी-भुसा पसरायची पद्धत महत्त्वाची, तो मूत्र धरून ठेवतो. आणि म्हणूनच मेंढ्यांचा कळप रात्री शेतातच बसवायची पद्धत इतक्या देशांत दिसते, लेंड्या आणि मूत्र दोन्ही थेट जागेवर, वाहतूक शून्य.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण यात गोंधळ फार होतो. जनावर खत तयार करत नाही. ते खत हलवतं. माळावरचं गवत खाऊन त्यातलं नत्र-स्फुरद शेतात आणून टाकणारा चार पायांचा टेम्पो, एवढंच. माळ गरीब होतो, शेत श्रीमंत होतं. ज्याच्याकडे चरायला माळ नाही त्याच्याकडे शेणही नाही. जुन्या शेतीची खरी मर्यादा ही होती.

बेटावरची शीट आणि एक युद्ध

ही मर्यादा मोडायचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ग्वानो. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवर समुद्री पक्ष्यांच्या विष्ठेचे थरावर थर साठले होते, आणि तिथे पाऊस जवळजवळ पडतच नसल्यामुळे नत्र वाहून गेलं नव्हतं. इंका लोक ते शेतीला वापरायचे आणि त्या पक्ष्यांना मारणाऱ्याला मृत्युदंड होता म्हणतात. जर्मन संशोधक हम्बोल्टने १९व्या शतकाच्या सुरुवातीला नमुने युरोपात नेले आणि १८४०च्या दशकापासून जहाजंच्या जहाजं भरून माल जायला लागला. खणायला करारावर आणलेले चिनी मजूर, ज्यांचे हाल गुलामांसारखेच होते. अमेरिकेने १८५६ मध्ये कायदाच केला की ग्वानो असलेलं बेवारस बेट आपल्या नागरिकाला सापडलं तर ते ताब्यात घेता येईल. १८६४ मध्ये स्पेनने चिंचा बेटं बळकावली आणि त्यातून युद्ध पेटलं. पक्ष्यांच्या शिटेवरून! १८७०च्या दशकापर्यंत चांगला माल संपला.

मग जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून प्रयोगशाळेत अमोनिया केला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला, आणि शेणातला नत्र नावाचा भाग वेगळा काढून पोत्यात भरता आला. अगदी रंगाऱ्यांच्या फॉस्फेटसारखं.

"मग आता शेणखताची गरजच काय?"

हा आक्षेप रास्त आहे. आकडे बघा. युरियात ४६ टक्के नत्र. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का. म्हणजे १०० किलो युरियाएवढं नत्र द्यायला ९ टनांहून जास्त शेणखत लागेल, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी थोडंच पिकाला मिळेल. नुसता नत्राचा हिशोब केला तर शेणखत हरतं, आणि वाईट हरतं.

पण मातीला नत्र एवढंच लागत नाही ना. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी सुरू केलेला. एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, शेजारच्या पट्ट्यांत वेगवेगळी रासायनिक खतं, एकात काहीच नाही. शेणखत आणि पुरेशी रासायनिक खतं यांचं उत्पादन फार मोठा काळ जवळपास बरोबरीने चाललं. हे ऐकून दोन्ही बाजूंचे कट्टर लोक नाराज होतात, त्याला इलाज नाही. पण शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीत मुरलेला जैविक कार्बन, दुपटीहून जास्त झाला.

तिथेच बार्लीच्या शेतात आणखी एक प्रयोग आहे जो माझा लाडका आहे. एका पट्ट्यात १८५२ ते १८७१, फक्त २० वर्षं शेणखत घातलं आणि नंतर बंद. त्याचा परिणाम शंभर वर्षांनंतरही मोजता येत होता. युरिया म्हणजे हातात पडलेली रोख, आज आली उद्या संपली. शेणखत म्हणजे घरभाडं, थोडं थोडं पण येत राहतं, आणि इथे तर भाडेकरू जाऊन शतक झालं तरी भाडं चालू.

कापडात आणि मातीत फरक हाच. कापडाला शेणाचा एक भाग, एकदाच, काही मिनिटं हवा होता. मातीला तो चोथाही लागतो, जिवाणूही लागतात, आणि कणांना कणांशी धरून ठेवणारा तो चिकट मालही. जे रंगाऱ्याला नको होतं तेच इथे अर्धं काम करतं.

"म्हणजे सगळं जग शेणखतावर चालेल?"

नाही. आजच्या लोकसंख्येपैकी साधारण निम्म्या लोकांचं अन्न हाबरच्या नत्रावर उभं आहे असा अंदाज मांडला जातो. टेम्पोचा मुद्दा परत आठवा, शेण वाढवायचं तर जनावरं वाढवावी लागतील, जनावरांना चारा लागेल, चाऱ्याला जमीन लागेल आणि त्या चाऱ्यालाही नत्र कुठून तरी यावं लागेल. दोन्ही मिळून वापरणं हे कंटाळवाणं उत्तर आहे पण बरोबर आहे.

"नैसर्गिक आहे म्हणजे कसंही टाकलं तर चालतंच की"

हेही नाही. ताज्या शेणात तणाचं बी जिवंत असतं, हुमणीसारख्या किडीला ते आवडतं, आणि माणसाला आजारी पाडणारे ई-कोलाय जिवाणूचे प्रकारही त्यात असू शकतात. म्हणून कुजवायचं. ढीग नीट लावला, ओल आणि हवा राखली की आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं आणि यातलं बरंच मरतं. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात तर कच्चं खत टाकल्यावर काढणीपर्यंत ९० दिवस थांबावं लागतं, आणि खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस.

आणि एक नवीन भानगड, जी कोलुमेलाच्या काळात नव्हती. काही तणनाशकं, उदाहरणार्थ ॲमिनोपायरालिड, कुरणावर मारली की गवतातून जनावराच्या पोटात जातात, तिथे न मोडता शेणात उतरतात आणि कुजवल्यावरही बराच काळ टिकतात. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये अनेक लोकांच्या परसबागेतले टोमॅटो आणि शेंगभाज्या अशा खताने वेड्यावाकड्या झाल्या आणि त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. वासावरून, रंगावरून काहीही कळत नाही. रंगाऱ्यांची जुनी तक्रार होती ना, जनावराने काय खाल्लंय ते शेणात येतं, तीच नव्या रूपात.

त्यामुळे खत बाहेरून आणत असाल तर एक साधी टेस्ट आहे. खत आणि चांगली माती निम्मी-निम्मी एका कुंडीत, नुसती माती दुसऱ्या कुंडीत, दोन्हीत घेवड्याच्या चार-चार बिया. तीन-चार आठवडे वाट बघायची. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला आणि दुसरी कुंडी मात्र ठीक असेल, तर तो ढीग टोमॅटो, मिरची, शेंगांच्या जवळपासही नेऊ नका. गवतवर्गीय पिकांना, म्हणजे ज्वारी-मका वगैरेंना, त्याचा सहसा त्रास होत नाही.